माय मिस्त्री होती तो हंगाम

आमच्या घरात कोणीच हळू बोलत नसे. जळगाव जामोदला जिनाच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं, दोन खोल्या आणि पुढं ओटा. दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या यायला लागल्या की होळीपर्यंत जिन चालू राही, आणि तेवढे महिने त्या धडधडीतच आम्ही जेवत असू, बोलत असू, भांडत असू. भांड्यांच्या फळीवरचे पेले दिवसभर एकमेकांना लागून किणकिणत. पाहुणे आले की कान चोळत बसत. आम्हाला मात्र आवाज थांबला की चुकल्यासारखं व्हायचं. कापसाचं बारीक तूस सगळीकडं उडे. वरणावर असे, अंथरुणात असे, मायच्या केसांत तर कायमचंच असे. लहानपणी मला ती फार म्हातारी वाटायची, ते त्या तुसामुळं. तेव्हा ती तिशीचीही नव्हती.

बाबा त्या जिनात मिस्त्री होते. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या यंत्राला आमच्याकडं रेचा म्हणत. लांबलचक टिनाच्या शेडमध्ये दोन्ही बाजूंनी चोवीस रेचे, वर छतालगत फिरणारा लोखंडी दांडा, त्याच्यावरून प्रत्येक रेच्यापर्यंत उतरलेला चामडी पट्टा. रेच्यावर कापूस घालायला बाया, आणि पट्टे, तेलपाणी, ओझी हे सगळं पुरुषांकडं. या सगळ्यांवर मिस्त्री. माय सात नंबरच्या रेच्यावर कापूस घाली आणि आठ नंबरवर तिची मैत्रीण शेवंता मावशी. दोघी एकाच गल्लीतल्या, पहाटे बरोबर निघत, एकीनं आणलेली कळण्याची भाकर आणि दुसरीनं आणलेली अंबाडीची भाजी एकाच फडक्यावर सोडत. शेवंता मावशी मोठ्यानं हसायची. त्या गोंगाटात तिचं हसू ऐकू यायचं नाही, नुसते खांदे हलताना दिसायचे.

मी सहावीत असताना बाबांचे कान गेले. एकदम नाही गेले. आधी मागून मारलेली हाक ऐकू येईना, मग समोरून मारलेली. मिस्त्रीचं निम्मं काम कानाचं असतं. कुठला रोलर कोरडा पडला, कुठल्या बेअरिंगमध्ये तेल नाही, कुठला पट्टा ढिला झाला, ते आधी ऐकू येतं आणि मग दिसतं. बाबांनी हे घरात कधी कबूल केलं नाही. पण ते शेडमध्ये फिरताना मायकडं पाहायला लागले. माय कापूस घालता घालताच खुणा करी. गालाला हात लावला म्हणजे बेअरिंग तापलं, दोन बोटं म्हणजे पट्टा आवळा, आणि कुठला रेचा ते मानेनं. बाबा तिथं जाऊन ओरडत, "किसना, बारा नंबरचा पट्टा पाह्य बे!" किसना हा पट्टे सरकवणारा गडी. तो आणि बाकीचे सगळे जाणून होते की हुकूम कुठून येतो. चार वर्षं त्यांनी तो निमूट पाळला. मायला ते वयनी म्हणत आणि बाबांना काही विचारायचं असलं तर आधी तिच्याकडंच येत. "वयनी, मिस्त्रीले म्हना, इंजिनकडून आवाज येऊन राह्यला." त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

मी दहावीत, म्हणजे तेव्हाच्या अकरावी मॅट्रिकच्या आधीच्या वर्गात होते त्या हंगामात जिनाचा मॅनेजर बदलला. नव्या माणसाच्या कानावर कोणीतरी बाबांची गोष्ट घातली असावी. दुपारच्या सुट्टीत इंजिन बंद होतं, सगळे जेवायला बसले होते. मॅनेजर बाबांच्या मागं येऊन उभा राहिला आणि हातातला लोखंडी पाना त्यानं फरशीवर टाकला. सगळी शेड दचकली. बाया वळून पाहायला लागल्या. बाबा भाकरीवर ठेसा घेत होते, ते घेतच राहिले. मायनं त्यांच्या गुडघ्याला हात लावला तेव्हा त्यांनी वर पाहिलं, आणि सगळे आपल्याकडं पाहून राहिलेत हे त्यांना कळलं. तोंडातला घास त्यांनी तसाच धरून ठेवला होता. शाळेला सुट्टी म्हणून मी आले होते, जवळच बसले होते. माणसाला असं उघडं पाडलेलं मी पुढं बरंच पाहिलं, मुख्याध्यापिका झाल्यावर हाताखालच्या माणसांना मी स्वतःही तसं पाडलं असेल. पण तो घास मला अजून दिसतो.

मॅनेजर दुष्ट नव्हता. त्यानं बाबांना काढलं नाही, फाटकावर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या पाहायच्या, शेडमध्ये यायचं नाही. भर हंगामात दुसरा मिस्त्री मिळेना. खामगावहून एक आला आणि आठ दिवसांत निघून गेला. तेव्हा मॅनेजरनं मायला कचेरीत बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "चार वर्षं काम तुम्हीच चालवत होत्या, हे मला समजलंय. आता नावानंच चालवा. आजपासून मिस्त्री तुम्ही." माय खाली पाहून उभी होती. ती म्हणाली, "घरी इचारून सांगतो." मॅनेजर म्हणाला, "घरचे फाटकावर बसलेत. मी त्यांना विचारलं. ते हो म्हणाले."

बाबा हो म्हणाले असतील, पण काय विचारलं ते त्यांना ऐकू आलं होतं की नाही, कोण जाणे.

पहिल्या दिवशी मायनं पान्यांची पिशवी खांद्याला अडकवली, पदर खोचला आणि शेडच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तेच रेचे, तेच पट्टे आणि चार वर्षं तिचंच ऐकणारी तीच माणसं. तिनं किसनाला दोन बोटं दाखवली. किसनानं पाहिलं आणि दुसरीकडं तोंड फिरवलं. तिनं जवळ जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "हाव, करतो," आणि तंबाखू मळत बसला. वयनी हा शब्द त्या दिवसापासून बंद झाला. मिस्त्रीनबाई म्हणायला लागले, आणि ते म्हणताना एकमेकांकडं पाहायला लागले. तेलाची बुधली जागेवर सापडत नसे. सांगितलेला पट्टा आवळलेला नसे. एकदा सगळ्यांनी मिळून डबे उचलले आणि फाटकावर बाबांच्या भोवती जाऊन जेवायला बसले, आणि बाबांना मोठमोठ्यानं विचारायला लागले, "मिस्त्री, आज काय हुकूम आहे?" बाबा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. माय शेडच्या दारातून पाहत होती.

तरी तिनं काम चालवलं. ती स्वतः शिडीवर चढून तेल घाली. पट्टा ढिला असला तर स्वतः आवळी. तिच्या हाताखाली त्या दोन-अडीच महिन्यांत एकाही रोलरला आग लागली नाही, हे मॅनेजरही म्हणे. घरी आली की हात धुऊन चुलीपुढं बसायची, बाबांना आधी वाढायची, आणि ते ताट पुढं ढकलायचे. "तुह्या हाताले तेलाचा वास येऊन राह्यला." त्यांच्या हाताला वीस वर्षं तोच वास होता. तिनं त्याबद्दल कधी शब्द काढला नव्हता. ती उठून पुन्हा हात धुवायची, राख लावून धुवायची, आणि पुन्हा वाढायची.

आणि मी? मी सुट्टीच्या दिवशी जिनात जाई आणि सात नंबरवर, मायच्या जागी, कापूस घाली. हजेरीत माझं नाव नव्हतं, वय भरत नव्हतं. शाळेत वर्गातल्या मुली मला मिस्त्रीनीची पोर म्हणत. एकदा भूगोलाच्या तासाला बाईंनी प्रत्येकीला वडिलांचा धंदा विचारला, तर मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "तिची मायच तिचा बाप हाय." वर्ग हसला, बाईसुद्धा हसल्या. मी घरी येऊन मायशी दोन दिवस बोलले नाही. तिला कारण कळलं नाही, आणि मी सांगितलं नाही. मला ती पूर्वीसारखी व्हायला हवी होती, कापूस घालणारी, कोणाच्या नजरेत न येणारी. हे मी इथं लिहून ठेवते आहे, कारण पुढं मी जे केलं ते नुसत्या भीतीनं केलं असं कोणाला वाटायला नको.

तो बाजाराचा दिवस होता. फाटकाबाहेर गाड्यांची रांग पार सडकेपर्यंत गेलेली. कोणाच्या तरी गाडीतला कापूस ओला निघाला आणि माझ्या हातून सात नंबरच्या रोलरमध्ये त्याचा बोळा बसला. रेचा गुरगुरायला लागला. माय आली, तिनं स्वतः पट्टा बाजूला सारला, रेचा थांबला. बोळा काढणं सवयीच्या हाताचं काम. तिनं शेवंता मावशीला बोलावलं. "शेवंते, तू काढ वं. पोरीले जमनार नाई." इतक्यात शेडच्या पलीकडच्या टोकाला बेअरिंग तापल्याचा वास आला. जाताना तिनं किसनाला सांगितलं, "मी मूठ खाली करीन तेव्हाच पट्टा चढव. तोवर हात लावजो नको." मूठ वर म्हणजे थांबा, ही खूण शेडमधल्या सगळ्यांना माहीत होती. तिकडं पोचल्यावर ती शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढली, एका हातानं तेल घालायला लागली, आणि दुसरा हात मूठ करून तिनं वर धरून ठेवला. मी शेवंता मावशीच्या शेजारी उभी होते. मला ती मूठ स्वच्छ दिसत होती.

बाबा त्याच वेळी आत आले. त्यांना आत यायची परवानगी नव्हती. बाहेर गाडीवाले ओरडत होते, ते त्यांना ऐकू येत नसलं तरी दिसत तर होतं. आत येऊन त्यांनी पाहिलं की सात नंबर बंद आहे. शेवंता मावशी वाकलेली होती, रेच्याच्या आडोशाला, तिचा हात रोलरखाली. ती त्यांना दिसली नसेल, आणि मधल्या रेच्यांआडून ते मायला दिसले नसतील. ते किसनाकडं पाहून, पूर्वी करत तसं, बोट गोल गोल फिरवायला लागले. चालू कर, चालू कर.

किसनानं बाबांकडं पाहिलं. मग मान वळवून मायकडं पाहिलं. तिची मूठ वर होती, आणि आता ती शिडीवरून ओरडतही होती, तोंड उघडलेलं दिसत होतं. किसनानं दोघांकडं पाहिलं हे मी पाहिलं. घाई नव्हती त्याला. तो किंचित हसला आणि खटका ओढून त्यानं पट्टा चढवला.

शेवंता मावशीचा आवाज मात्र त्या गोंगाटातही सगळ्यांना ऐकू आला. बाबा सोडून.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. माय तिला कवेत घेऊन गाडीत बसली आणि दवाखान्यात घेऊन गेली, आणि तीन दिवस तिथंच राहिली. त्या तीन दिवसांत इकडं सगळं ठरून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. बाबा चुलीजवळ येऊन बसले. एवढ्या जवळ ते कधी बसत नसत.

"पोरी, आयक. वरून साहेब येनार हाय चौकशीले."

मी मान हलवली.

"मले आत जायाचा हुकूम नोता. माह्यं नाव आलं त मले काढतीन, वरून पोलीस नेतीन. किसनाचे तीन लेकरं हायत. सगळे म्हनून राह्यले का तुह्या मायनंच बोट फिरवलं."

मी त्यांना दिसेल असं तोंड करून म्हणाले, "मायनं मूठ धरली होती, बाबा."

"ते मले ठाव नाई. मी पाह्यलं नाई." त्यांनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "बाईमानसाले कोनी जेलात नेत नाई. तिले काम सोडा म्हनतीन, बस. घरी राहीन. पहिल्यासारखं होईन सगळं. तुह्यी मॅट्रिक होईन."

पहिल्यासारखं होईल, हे त्यांनी म्हटलं, आणि माझ्या मनात काहीतरी सैल झालं. मला बरं वाटलं. साठ वर्षं होत आली, तरी त्या सकाळचं ते बरं वाटणं मी विसरू शकले नाही.

चौकशीचा साहेब भला माणूस होता. मी त्या दिवशी डबा द्यायला आलेली होते असं सांगायचं ठरलं होतं, कारण हजेरीत माझं नाव नव्हतं. ते पहिलं खोटं मी सांगितलं तेव्हा त्यानं मान हलवून लिहून घेतलं. मग तो पुढं वाकून म्हणाला, "घाबरू नकोस, बाळ. पट्टा चढवायची खूण कोणी केली?"

कचेरीचं दार उघडं होतं. माय बाहेर बाकावर बसली होती, दवाखान्यातून परस्पर आलेली, लुगड्यावर वाळलेलं रक्त. तिला आतलं सगळं ऐकू येत होतं. तिचे कान अतिशय चांगले होते.

"मायनं," मी म्हणाले.

तिला नंतर आत बोलावलं. साहेबानं तिला सगळ्यांचे जबाब वाचून दाखवले, किसनाचा, इतर चौघांचा, नवऱ्याचा आणि शेवटी माझा. बाबांचं नाव कोणीच घेतलं नव्हतं, म्हणजे ते आत आले होते हेच कुठं नव्हतं. साहेब म्हणाला, "बाई, तुमचं काय म्हणणं आहे?" ती माझ्याकडं पाहत होती. रागानं नाही. एखाद्या रेच्याचा आवाज वेगळा का येतोय ते शोधत असताना ती पाहायची, तसं पाहत होती. मग म्हणाली, "सगळेच म्हनून राह्यले, त तसंच असन." आणि तिनं अंगठा लावला.

तिला काढून टाकलं. त्या जिनात त्यानंतर बाई मिस्त्री कधी झाली नाही, आणि होणार नाही असं म्हणताना लोक तिचंच उदाहरण देत. शेजारच्या दोन जिनांतही देत. बाबा फाटकावर राहिले. माय लोकांच्या वावरात कापूस वेचायला जाऊ लागली. सात नंबरवरही तिला कोणी घेतलं नाही. शेवंता मावशीची पाठ रेच्यावर वाकलेली होती, तिनं काहीच पाहिलेलं नव्हतं. तिनं जे ऐकलं त्यावर विश्वास ठेवला. तिनं विश्वास का ठेवू नये? सख्ख्या पोरीनं सांगितलं म्हटल्यावर मीही ठेवला असता. मायनं एकदा अंबाडीची भाजी करून माझ्याबरोबर तिच्याकडं पाठवली. शेवंता मावशीनं डाव्या हातानं झाकण काढून पाहिलं, पुन्हा लावलं आणि भांडं माझ्या हातात परत दिलं. दोघी त्याच गल्लीत आणखी तीस वर्षं राहिल्या.

मी मॅट्रिक झाले, शिक्षिका झाले, शेवटी वडनेर भोलजीच्या शाळेत मुख्याध्यापिका झाले. हाताखाली नऊ मास्तर होते, त्यांतले सात पुरुष. माझ्या सांगण्यावर ते एकमेकांकडं पाहत, ती नजर मला ओळखीची होती. त्यांना मी सोडलं नाही. फार कडक बाई, असं माझं नाव होतं. निवृत्तीच्या समारंभात एका मास्तरानं भाषणात म्हटलं की बाईंच्या आईनं कष्ट उपसले म्हणून बाई इथवर पोचल्या. टाळ्या पडल्या. माय पहिल्या रांगेत बसलेली होती. तिनंही टाळ्या वाजवल्या.

बाबा गेल्यावर मी तिला माझ्याकडं आणलं होतं. त्या समारंभानंतर साधारण वर्षानं शेवंता मावशी गेल्याचं कळलं. तिच्या मुलानं तेरवीची चिठ्ठी पाठवली होती. मी ती वाचून दाखवली. माय अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. ती सोलतच राहिली. मग म्हणाली, "शेवंताचा हात मी खाल्ला."

मला वाटलं, लोक म्हणतात म्हणून ती बोलते आहे. मी म्हणाले, "असं काऊन म्हनतं माय?"

"मंग काय म्हनू? पहिले मले वाटे का मूठ वर होती. पन सगळेच सांगत. तुह्ये बाबा सांगत, तू सांगतलं. येवढे लोक खोटं काऊन बोलतीन? मंग मलेच वाटाले लागलं का माहाच हात फिरला असन. शिडीवर तोल गेला असन, बोट फिरलं असन." तिनं स्वतःच्या उजव्या हाताकडं पाहिलं. "लय वर्सं इचार केला. आठवतच नाई बरोबर."

त्या दिवसापर्यंत मी समजत होते की तिला सत्य माहीत आहे आणि तिनं मला माफ केलं आहे, किंवा केलं नाही. तिच्याकडचं सत्यच मी काढून घेतलं होतं हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी तिच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. बाबा आत आले ते, किसनानं मान वळवून पाहिलं ते, चुलीजवळचं बोलणं. भूगोलाच्या तासाचंही सांगितलं.

संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, "मूठ वर होती? तू पाह्यली?"

"हाव माय. पट्टा चढेस्तोवर वर होती."

"पक्की आवळेल होती?"

"हाव."

तिनं मांडीवरची टरफलं झटकली. मग म्हणाली, "आठ दिवस पहिले सांगतलं असतं त शेवंताले सांगून आली असती."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती जळगाव जामोदला गेली. मी बरोबर येते म्हणाले तर म्हणाली, "तुह्यं तिथी काही काम नाई." शेवंता मावशीच्या अंगणात जाऊन तिच्या मुलांना तिनं काय सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं की दारातूनच परत पाठवलं, ते मला माहीत नाही. ती पुन्हा माझ्याकडं राहायला आली नाही. गल्लीतलं जुनं घर तिनं झाडून घेतलं आणि सहा वर्षं एकटी राहिली. मी दर महिन्याला जाई. ती मला ओट्यावर चटई टाकून देई आणि चहा करून आणी, कपबशीत, पाहुण्या बाईला देतात तसा.